आत्याची पाठ आणि कोनचं बारसं

सोलापूरला बसमध्ये बसल्याबरोबर मी मांडीवर लॅपटॉप उघडला, तो थेट पळस्पे फाट्यावर मिटला. तोवर माझी पाठही मिटली होती आणि ती काही उघडेना. मान, खांदे, पाठीचा वरचा भाग, सगळं लाकूड झालं होतं. आणि दुसऱ्या दिवशी भाचीचं बारसं!

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण ती 'कुर्रर्र' करत असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. मला मान हवा होता, धपाट्यांची मात्र धास्ती होती.

बारसं फाट्याजवळच्या कोन गावात, वहिनीच्या माहेरी. तिच्या आईने दारातच माझी वाकडी मान हेरली.

"ताई, पाठीला काय झालं?"

"आखडलीय. उद्या नाव दुसऱ्या कुणी ठेवलं तर?"

"आत्या हाय ना घरात? मग दुसरी कशाला? आधी जेवून घ्या."

जेवायला जिताड्याचं (इकडचा मानाचा खाडीतला मासा) कालवण आणि तांदळाची भाकरी होती. तेवढा वेळ मी दुखणं विसरले.

सकाळी आधी बाळाची मालीश झाली, मग वहिनीची, आणि शेवटी त्याच चटईवर मी पालथी. कोमट खोबरेल घेऊन वहिनीच्या आईंचे अंगठे मणक्याच्या कडेने हळूहळू वर चढले आणि खांद्याच्या पात्यापाशी थांबले. "श्वास सोडा," त्या म्हणाल्या. शेक झाला आणि माझी मान दोन्हीकडे वळायला लागली. शेजारी दुपट्यात बाळ झोपलं होतं. मला उगाचच हसू येत होतं.

मग त्यांनी मला पाठीशी उशी देऊन बसवलं आणि बाळ मांडीवर ठेवलं. मी लगेच त्याच्यावर वाकले.

"नाय नाय. पाजताना लेकीलापण हेच सांगते. आपण खाली नाय जायचं, पोरीला वर घ्यायची."

संध्याकाळी पाळण्यापाशी मी ताठ बसले, भाचीला उचलून तोंडाशी आणलं आणि म्हटलं, "कुर्रर्र, सई." पाठीत धपाट्यांचा पाऊस पडला. सगळ्यांत जोराचा हात आईंचाच होता. थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू. पण इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

आता सोलापुरात माझा लॅपटॉप पिठाच्या डब्यावर असतो. वहिनी सईचे फोटो पाठवते, तेव्हा मान आपसूक मोबाइलवर झुकते. मग आठवतं, आणि मी सईला वर घेते.