कापलेल्या दोऱ्यांचा पतंग

आधीच सांगून टाकतो — मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. गेवराईत आमचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि आमच्या धंद्यात जे मीटरपट्टीवर चढतं तेवढंच खरं. घरात कुणी उतारा, अंगात येणं, असलं काही सुरू केलं की मी चप्पल घालून सरळ दुकानात जातो. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर हसायलाच वाचत आलो, राग मानू नका. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर मला हसता येत नाही… ती एकदाची लिहून मोकळा होतो.

माझे धाकटे चुलते वैजनाथकाका पतंगापायी वेडे होते. हा गृहस्थ संक्रांतीची वाट बघणाऱ्यांतला नव्हता. ज्येष्ठातलं कोरडं वारं सुटलं की गावच्या घराच्या माळवदावर चढायचे, आणि दोऱ्याची चकरी धरायला मी. पतंग उंच गेला की त्यांची एक ठरलेली खोड — दोऱ्याला झटके देत दोन छोटे हापसे, एक लांब हापसा, मग उजवीकडे गोत मारून पतंग थेट जमिनीला टेकेपर्यंत खाली आणायचा आणि तिथून परत वर न्यायचा. अख्ख्या गावात असं दुसरं कुणी करत नव्हतं.

अशाच एका दुपारी मागे सरकत सरकत ते माळवदाच्या काठाला आले. तोल गेला. बाजूलाच कठडा होता, हात टाकला असता तर वाचले असते. काकू खाली अंगणात होती, ती ओरडली, "अहो, सोडा की त्यो दोरा!" काकांनी दोरा सोडला नाही. खाली दगडी पायरी होती. त्यांची मूठ उघडायला दोन माणसं लागली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवून पुरतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. काकांची समाधी नदीकाठच्या आमच्या शेतात, आंब्याच्या सावलीच्या टोकाला बांधली. साधा, गुळगुळीत दगडी चौथरा. पुढे माजलगावचं धरण भरलं आणि गाव, शेत, समाधी, सगळं पाण्याखाली गेलं. आंब्याचा वाळका शेंडा तेवढा पाण्याबाहेर उरला. काकू दर वर्षी त्यांच्या तिथीला काठावर जाऊन त्या शेंड्याकडे तोंड करून बसायची, बेल आणि दहीभात पाण्यात सोडायची. घरात पतंगाचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. मन्मथ, म्हणजे आमचा मन्या, काका गेले तेव्हा नीट चालतही नव्हता. काकूचं एकुलतं एक पोर. त्याने लहानपणी कधी पतंगाला हात लावला नाही.

आता खरा प्रसंग. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लीगल्लीत केबल आलेली, एसटीडी बूथसमोर रांगा, आणि प्रत्येक दुसऱ्या घरातला एक पोरगा आखातात. येताना कुणी टेप आणायचा, कुणी मिक्सर. आमचा मन्या मस्कतला समुद्रकाठच्या हॉटेलात होता. तो रजेवर आला आणि येताना काय आणलं… तर पतंग! गोऱ्या पाहुण्यांकडून शिकला म्हणे, पायाखाली फळी घेऊन पाण्यावर पळायचं आणि वर पतंगाने ओढायचं.

त्याने दुकानाच्या माडीवर, काकूला चोरून, तो उलगडून दाखवला. पसरला तर माडीभर झाला. पुढच्या काठाला मांडीएवढी जाड नळी, तिच्यात पंपाने हवा भरायची. चार लांब दोऱ्या, त्यांच्या टोकाला हातात धरायची दांडी, आणि ती दांडी कमरेच्या पट्ट्याला आकड्याने अडकवलेली. मी कापड चिमटीत धरून चोळलं. इतकं चिवट कापड माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं.

"पाण्यात पडला तर?" मी विचारलं.

"पाण्यातूनच उठवायचा, दादा. एका बाजूची दोरी ओढत राहायची. पतंग कडेवर उभा राहतो, सरपटत बाजूला जातो, तिथं वाऱ्याचा जोर कमी असतो, मग निवांत वर चढतो. पण बाजूला न जाता मधीच उठला ना… तर माणसाला फेकून देतो. आणि ह्यो तर हलक्या वाऱ्याचा, मोठा पतंग हाय."

"मग हलक्या वाऱ्यातच उडव, आणि मस्कतला उडव," मी म्हणालो आणि तो विषय संपला असं समजलो.

काकांच्या तिथीला आम्ही तिघं दुकानाच्या टेम्पोतून धरणावर गेलो. टेम्पोत बसता बसता काकू मला म्हणाली, "शिवा, ह्याला पाण्यात जाऊ देऊ नको रं. मला ह्यो एकच हाय." मी म्हणालो, "काकू, मी हाय ना." आणि या शहाण्याने मागे गाठोड्यांखाली तो पतंग दडवून आणलेला!

वारा सकाळपासूनच पिसाळलेला होता. पाऊस नव्हता, नुसती धूळ. काकू पदर डोक्यावरून घट्ट ओढून पूजेला बसली. मी नारळ फोडून मागे वळतो तर मन्या गायब. बाभळींच्या पलीकडे जाऊन बघितलं, तर तो कमरेइतक्या पाण्यात, पट्टा बांधलेला, आणि पतंग हवा भरून तयार. मी तोंडाला येईल त्या शिव्या घातल्या.

"बाबाला एकदा दाखवू दे, दादा," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि पतंग उचलला.

पहिला एक क्षण… खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला, पण चांगला. काकांचं पोर पाण्यावरून सुसाट निघालं होतं. मग वाऱ्याचा एक जबरदस्त झोत आला. पतंग गिरकी घेऊन आंब्याच्या शेंड्याच्या अलीकडे पाण्यावर आपटला, बंदूक उडावी असा आवाज झाला. मन्याची फळी सुटली. तो पाण्यात, आणि पतंग त्याला शेंड्याच्या दिशेने ओढायला लागला.

त्याने एक दोरी ओढायला सुरुवात केली. पतंग कडेवर उभा राहिला, पण बाजूला सरकेचना. मधोमध, भर वाऱ्यात उठला आणि मन्याला पाण्यातून उपटून वर फेकलं. तो पुरुषभर उंच गेला आणि छातीवर पडला. पतंग परत खाली. परत त्याने दोरी ओढली, परत पतंगाने त्याला उचलून आपटलं. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा मला त्याच्या तोंडातून रक्त येताना दिसलं. प्रत्येक फेकीसरशी तो आंब्याच्या जवळ जात होता, आणि त्या शेंड्याच्या फांद्या वाळून भाल्यासारख्या झालेल्या होत्या.

मागून काकू धावत आली. तिने पतंग बघितला आणि तिचा चेहराच उतरला.

"सोड! मन्या, सोड ती दांडी!"

"सुटंना आई! पट्ट्यात अडकलीय!"

वीसेक वर्षांपूर्वी अंगणातून मारलेली हाक मी परत ऐकत होतो. काकूने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं आणि पाण्यात शिरायला लागली. मी तिला अक्षरशः ढकलून मागे पाडलं.

काठाला शब्बीरचाचा म्हणून एक म्हातारे मासेवाले थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं आवरत होते. मी त्या तराफ्यावर उडीच मारली. "चाचा, तिकडं घ्या!" वारा त्याच दिशेचा असल्याने आम्ही झपकन पोचलो. माझ्या खिशात कायम दुकानची कात्री असते, बायको त्यावरून मला चिडवते. एका हाताने मन्याची गचांडी धरली आणि दुसऱ्या हाताने दांडीजवळच चारही दोऱ्या कापल्या. एक, दोन, तीन, चार. एका दोरीने माझा तळवा हाडापर्यंत चिरला, ती खूण अजून आहे. पतंग पाण्यावर मेल्यासारखा पडून राहिला. दांडी आणि दोऱ्यांचे चार तुकडे तराफ्यावर आमच्याकडे. मन्याला वर ओढला. त्याची बरगडी आत गेलेली, श्वास घेताना घरघर वाजत होती. चाचांनी बांबू टेकवत तराफा आडवा काढला आणि आम्ही काठाला लागलो.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. यापुढचं नाही.

मन्याला उचलून टेम्पोकडे निघालो तेवढ्यात चाचा थांबले. "शेठ… ते बघा."

पतंग हलत होता. वाऱ्याने हलतो तसा नाही. त्याची एक कड हळूहळू वर उठली. मग तो कडेवर उभा राहिला आणि सरपटत, शिस्तीत बाजूला गेला. जे मन्याला जमलं नव्हतं ते बरोबर तसं. तिथे क्षणभर थांबला आणि वर चढला. चारही दोऱ्या ताठ झाल्या. त्यांची खालची टोकं थेट पाण्यात गेलेली, आंब्याच्या अलीकडे, मोकळ्या पाण्यात.

पतंगाचा दोरा कापला की तो लटपटत वाऱ्याबरोबर जातो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हा जागेवर उभा होता.

"खोडात अडकल्या असतील दोऱ्या," चाचा म्हणाले. पण त्यांचा आवाज काही खात्रीचा नव्हता.

आणि मग पतंगाने दोन छोटे हापसे खाल्ले. एक लांब. उजवीकडे गोत मारला आणि सरळ आमच्यावर आला.

"खाली व्हा!" चाचा ओरडले. दोऱ्या आमच्या डोक्यावरून सणसणत गेल्या. पतंग टेम्पोवर आदळला, समोरची काच फुटून आत सांडली. परत वर. परत दोन छोटे, एक लांब, परत उजवीकडे. बाभळीची मनगटाएवढी फांदी दोऱ्यांनी विळ्याने छाटावी तशी पडली. आम्ही चिखलात पालथे. टेम्पो वीस पावलांवर, पण उठायची सोय नव्हती. माझ्या शेजारी मन्याचे ओठ निळे पडत चाललेले. दवाखाना लांब. मी आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो, आणि एवढा संतापलोही नव्हतो. लहानपणी याच हापशांवर मी टाळ्या वाजवल्या होत्या. काकांच्या डाव्या हातात लिंग दिलेलं… उजवा हात मोकळाच असतो, हा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

काकूनेही ते हापसे ओळखले होते. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं. मग ती उठली. मी तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला, डोक्यावर नीट घेतला आणि पाण्याच्या काठाला जाऊन उभी राहिली. दोऱ्या तिच्या कानाजवळून जात होत्या. ती वाकलीसुद्धा नाही. ओरडलीही नाही. जेवायला बोलवावं त्या आवाजात म्हणाली,

"अहो… पोरगं जितं हाय अजून. दवाखान्यात न्यायचंय त्याला. लई उडविला… आता सोडा."

पतंग खाली येता येता मधेच थांबला. एक लांब हापसा खाल्ला. आणि चारही दोऱ्या एकदम, एकाच वेळी, पाण्याबाहेर आल्या. त्यांच्या टोकांवरून पाणी गळताना मी पाहिलं. कापलेला पतंग जातो तसा तो लटपटत, गिरक्या घेत पूर्वेला गेला आणि दिसेनासा झाला.

फुटक्या काचेच्या टेम्पोतून आम्ही मन्याला माजलगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. तो वाचला. आज दोन पोरांचा बाप आहे, गच्चीच्या काठाशी गेला तरी बायको त्याला ओरडते.

मी शांत बसणारा माणूस नाही. डोक्यात सगळे हिशोब मांडून झाले. खोडात अडकल्या म्हणावं, तर दोऱ्या खोडापासून चांगल्याच अलीकडे पाण्यात उतरल्या होत्या, आणि अडकलेली दोरी हापसे मारत नाही. पुढे एका दुष्काळात पाणी आटलं तेव्हा मी मुद्दाम एकटा जाऊन बघून आलो. दोऱ्या जिथे पाण्यात गेलेल्या तिथे काकांचा चौथरा होता. गुळगुळीत दगड. अडकायला एक खिळासुद्धा नाही. वाऱ्याचा योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दोऱ्यांचे ते चार तुकडे दुकानाच्या गल्ल्यात आहेत. गिऱ्हाईक नसलं की काढून बघतो आणि परत ठेवून देतो.

काकूला मात्र काहीच कोडं पडलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. डॉक्टर 'आता धोका नाही' असं सांगून गेले आणि मला रडू आवरेना. काकू रडली नाही. तिने माझ्या चिरलेल्या हातावरचं फडकं सोडून परत नीट बांधलं. मग म्हणाली,

"बघ शिवा… एवढ्या वर्षांत पयल्यांदा माझं ऐकलं त्यांनी."