संदर्भग्रंथांचा रकाना

एम.पी.एड.चा अभ्यासक्रम बदलणाऱ्या समितीवर माझी निवड झाली, तेव्हा मी जुन्नरच्या बाजारातून पेढे आणून शिक्षकांच्या खोलीत वाटले होते. शारीरिक शिक्षणाच्या मास्तराला एरवी कोण विचारतो? शाळेत पावसाळाभर गणिताचे सर आमचे तास पळवतात आणि स्नेहसंमेलन आलं की आम्ही खुर्च्या मांडतो. आमच्या छोट्याशा कॉलेजातही तीच तऱ्हा. त्यामुळे पुण्याच्या बैठकीचं पत्र मी सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं. चार दिवस ते तिथून हललं नाही.

नव्या अभ्यासक्रमाचं नाव होतं 'व्यायाम व क्रीडाशास्त्र'. जुना मला मनापासून नकोसा झाला होता. मी स्वतः नव्वदच्या सुमाराला शिकलो तोच, त्याच सायक्लोस्टाइल नोट्स. दोन वर्षं घाम गाळून मुलं पदवी घ्यायची, पण धावल्यावर नाडी का वाढते हे एकाला धड सांगता यायचं नाही. आता शरीरक्रियाशास्त्र येणार होतं, क्रीडामानसशास्त्र येणार होतं, संख्याशास्त्र येणार होतं. मला त्याचा आनंद होता, आणि तो खोटा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर मला नव्या अभ्यासक्रमावर फोडायचं नाही.

आमच्याकडे कुस्तीचा तास वस्ताद घ्यायचे. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, पेट्या, बादल्या बनवायचे. पदवी सोडा, शाळाही चौथीत सुटलेली. पण आसपासच्या जत्रांच्या आखाड्यांत त्यांचा शब्द शेवटचा असायचा, म्हणून कॉलेज सुरू झालं तेव्हा त्यांना बोलावलं गेलं. आठवड्यातून दोनदा सकाळी ते सायकलीवर यायचे, मैदानामागच्या कुस्तीच्या हौद्यात उतरायचे आणि दहा वाजता दुकान उघडायला परत जायचे. मे महिना संपता संपता ते हौद्याची माती स्वतः उकरायचे, चाळायचे, तिच्यात हळद, ताक, तेल आणि लिंबाचा रस कालवायचे. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मीही त्यांचाच विद्यार्थी. आंबेगावकडच्या खेड्यातून आलेला, काडीसारखा. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला फक्त पडायला शिकवलं. पुढे पडायचं, मागे पडायचं, कुशीवर पडायचं. मी वैतागून एकदा विचारलं, डाव कधी शिकवणार? ते म्हणाले, "आदी पडायचं भ्या जाऊ दे, भाऊ. डाव कुटं पळून जात न्हाईत." पुढे मी तिथेच प्राध्यापक म्हणून लागलो, त्या दिवसापासून ते मला चारचौघांत 'सर' आणि 'तुमी' म्हणू लागले. हौद्यात मात्र 'तू'च. मला ते 'तू' फार आवडायचं, पण तसं त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

परीक्षेला त्यांच्याकडे दोनच शेरे असायचे: 'झालं' आणि 'अजून न्हाई'. मी शेजारी बसून 'झालं'चे एक्केचाळीस आणि 'अजून न्हाई'चे अठ्ठावीस करायचो. त्यांना याची भारी गंमत वाटायची. "ह्याला दोन जादा का दिलं?" म्हणून मुद्दाम छेडायचे.

पुण्याच्या समितीत प्रत्येक विषयासाठी एक छापील कागद होता. घटक, तासिका, मूल्यमापन आणि सगळ्यांत खाली संदर्भग्रंथ. निदान पाच हवेत. कुस्तीचा कागद भरायची वेळ आली तेव्हा मी अडकलो. अध्यक्ष भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "जो शिकवतो त्याच्याकडून लिहून आणा. वेडंवाकडं असलं तरी चालेल, आपण बसून नीट करू. पुढच्या बैठकीत घेऊ." म्हणजे दार उघडं होतं. ते कोणी माझ्या तोंडावर लावलं नाही.

मी वस्तादांच्या दुकानात गेलो. ते एका कोठीला झाकण बसवत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली. "म्हंजे लिवून न्हाई दिलं तर आपला तास जानार?"

"बघू," मी म्हणालो. तोंडावर नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. 'बघू' म्हणून वेळ मारून न्यायची सवय अंगात इतकी मुरली होती, की समोरचा माणूस त्या शब्दावर विसंबून बसतो हेही मी विसरून गेलो होतो.

"दुसरं काय बी नको, सर. तेवढा तास ऱ्हाऊ द्या. सकाळी उठून जायाला एक जागा हाय." मग आत बघून म्हणाले, "सून धावी शिकल्याली हाय. मी सांगतो, ती लिवंल." मी कोऱ्या कागदावर त्यांना चार रकाने आखून दिले आणि कशात काय लिहायचं ते समजावलं.

दीड महिन्यानं ते वही घेऊन आले. दोनशे पानी, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली. "बघा जमलंय का," म्हणाले. मी 'बघतो' म्हणालो आणि बॅगेत टाकली.

बैठकीच्या दिवशी नारायणगावला एसटी बराच वेळ थांबली होती, तेव्हा पहिलं पान उघडलं. सुनेनं ते बोलले तसंच उतरवलं होतं: 'पयल्या दिवशी पोराला घरी दुभतं हाय का इचारायचं. नसंल तर त्याला दंड कमी लावायचं.' मला हसू आलं आणि पाठोपाठ घाम फुटला. बाकीच्या सदस्यांचे कागद टाइप केलेले, स्पायरल बांधलेले असणार. त्यांच्या टेबलावर मी ही वही ठेवायची? मी ती मिटली. पुढचं पानही उलटलं नाही.

बैठकीत अध्यक्षांनी आठवणीनं विचारलं, "कुस्तीचं काय झालं?" बॅग माझ्या मांडीवर होती. मी म्हणालो, "संदर्भसाहित्य उपलब्ध नाही, सर." इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडेच होतं, म्हणून ते वाक्य मीच माझ्या अक्षरात लिहिलं. कुस्ती अभ्यासक्रमातून गेली. नंतर चहा आला.

वस्तादांना मी काहीच कळवलं नाही. जून उजाडला. वर्ग सुरू झाले त्या दिवशी खोलीच्या खिडकीतून पाहिलं, तर ते हौद्याच्या कडेला टॉवेल खांद्यावर टाकून बसलेले. माती भिजवलेली दिसत होती. वेळापत्रकात त्यांचा तास नव्हता. हौदा खिडकीपासून शंभर पावलांवरही नसेल. तास बंद झाल्याचं सांगायला मी शिपायाला पाठवलं.

तो परत आला. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काय न्हाई. म्हनले, माती तयार हाय, सरांना सांग. वाया जाऊ देऊ नका."

त्यांनी हौद्यावर गोणपाटं अंथरली, कडेला विटा ठेवल्या आणि सायकल हातात धरून चालत गेले. मी खिडकीत उभा होतो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते. अभ्यासक्रम बदलला याची नाही, शिपायाला पाठवलं याची.

त्यानंतर दोन वर्षं मी बाजारपेठेतून जाणं टाळलं. एकदा एसटी स्टँडवर मात्र समोरासमोर गाठ पडली. मी मनातल्या मनात चार कारणं जुळवली. त्यांनी एकाचीही गरज पडू दिली नाही. घरचं विचारलं, माझा दुखरा खांदा कसा आहे विचारलं आणि माझी गाडी लागल्यावर गर्दीतून वाट काढून मला जागा धरून दिली. वहीबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हौद्यावर पुढे शेड उभी राहिली आणि तिच्यात ट्रेडमिल आली. वीज असेल तेव्हा ती चालायची. नव्या अभ्यासक्रमानं भलंही केलं. आहुप्याकडचा एक मुलगा त्याच्या जोरावर पुण्यात मोठ्या खेळाडूंचा व्यायाम घ्यायला लागला, आणि त्याला मी शिकवलंय हे मी अजूनही लोकांना सांगतो.

वस्ताद गेले तेव्हा मी मातीला गेलो होतो, मागे उभा राहिलो. पुढे दीड-दोन महिन्यांनी त्यांची सून कॉलेजात आली. दारातच उभी राहून म्हणाली, "सर, अब्बांची वही तुमच्याकडं ऱ्हायली असंल. अक्षर माझंच हाय, पन त्यांचं बोलनं घरात तेवढंच ऱ्हायलंय."

"उद्या या," मी म्हणालो. वही कपाटात होती, अजून त्याच दुधाच्या पिशवीत.

त्या दुपारी मी ती पहिल्यांदा वाचली. पडायचे सगळे प्रकार होते, कोणत्या अंगाच्या पोराला कोणता डाव आधी शिकवायचा ते होतं, सांधा सुजला तर कुठे हात लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही ते होतं. घरी दुभतं नसलेल्या पोराला दंड किती आणि कसे वाढवायचे याची चार पानं होती. हाच भाग मी वर्गात स्लाइड लावून शिकवत होतो आणि माझ्या स्लाइडमध्ये त्याच्या निम्मंही नव्हतं. शेवटच्या पानावर मी आखून दिलेले रकाने पट्टीनं नीट उतरवून भरले होते. तासिका: 'पोरगं शिकंपर्यंत.' मूल्यमापन: 'आकडं सर घालतील.' आणि संदर्भग्रंथ: 'पुस्तक न्हाई. आमचे सर हायेत. हौद्यात बी शिकल्यालं आन् कॉलेजात बी शिकल्यालं दुसरं कुनी न्हाई. काय अडलं तर त्यांना इचारावं.'

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. मी वही तिच्या हातात दिली. ती निघाली आणि दारातून वळली.

"सर, एक इचारू? अब्बा शेवटपतूर म्हनायचे, सरांनी वाचली असंल का. वाचली व्हती का तुमी?"

"हो," मी म्हणालो. "दिली त्याच दिवशी."

तिचा चेहरा उजळला. "तरी मी त्यांना सांगत व्हते," असं म्हणून ती वही छातीशी धरून गेली.