विंगेतली टाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या नवऱ्याला तर नाहीच. मला रडगाणं जमत नाही, म्हणून सरळ सांगते – म्हणजे, सांगून बघते.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. आम्ही बदनापूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे नळावरून पाणी आणायचे, दळण आणायचे, मला ताप आला तर भाकरीही थापायचे. शेजारणी तोंडावर कौतुक करायच्या आणि मागे म्हणायच्या, "तिनंच नवरा नांदायला आणलाय." मला ते लागायचं. का लागावं? सुखात तर मीच होते. पण जालन्याच्या टॉकीजमध्ये हिरोनं हिरॉइनच्या थोबाडीत दिली की शिट्ट्या पडायच्या, ती लगेच नरम व्हायची – आणि खरं सांगू? मलाही तो रुबाबदार वाटायचा.

गणपतीत क्वार्टरवाल्यांनी नाटक बसवलं. हे नवरा झाले. बायको झाला स्टोअरमधला दिनकर, लुगडं नेसून. दुसऱ्या अंकात नवरा बायकोला थप्पड मारतो. हात नुसता गालाजवळून फिरवायचा आणि आवाजासाठी विंगेतून रंगनाथभावजींनी टाळी वाजवायची. भावजी प्रॉम्प्टर, आणि यांचे जिवलग मित्र. नाटकातला हा नवरा हात उचलणार नाही, असं हे तालमीत सांगत राहिले. कुणी मनावर घेतलं नाही.

प्रयोगाला मी चहाची किटली घेऊन भावजींच्या शेजारी उभी होते. यांची पाठ लोकांकडे. यांनी हात उचलला – आणि तो वरच थांबला. मग हळूहळू खाली यायला लागला. समोरून कुणीतरी म्हणालं, "मार की लेका. घरी बी भितो, इथं बी भिऊन राह्यला का?" मंडप हसला. भावजींनी थांबलेला हात पाहिला होता. त्यांनी टाळी वाजवली नाही.

मी किटली खाली ठेवली आणि टाळी वाजवली.

किटली ठेवली – म्हणजे विचार करायला वेळ होता मला. चुकून झालं म्हणायची सोय नाही.

दिनकर तालमीच्या सवयीनं धाडकन पडला. मागच्या लोकांना काय दिसणार? आवाज आला, बाई पडली, झालं. शिट्ट्या थांबेनात. दुसऱ्या दिवसापासून लोक यांची पाठ थोपटायला लागले – आता शोभला मर्द. हे कुणाशी धड बोलेनात. भावजी घरी आले तेव्हा हे त्यांना म्हणाले, "मी न्हाई मारलं, रंगनाथ. तू मारायला लावलं."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाले, "चुकलं माझं."

मी कप विसळत राहिले.

भावजींनी पुढे आष्टीला बदली घेतली. यांनी पुन्हा तोंडाला रंग लावला नाही.

हे सगळं आज का? कारण आता आम्ही जालन्यात आहोत, कॉलनीच्या गणपतीत नाटक आहे, आणि त्यात नवऱ्याचं काम आमचा मुलगा करतोय. परवा गच्चीवर तालीम होती. याही नाटकात थप्पड. पोरानं हात उचलला, खाली घेतला. "मला न्हाई पटत हे," म्हणाला. मी कान देऊन उभी होते, आता कोण हसतंय म्हणून. कुणी हसलं नाही. बायकोचं काम करणारी मुलगी म्हणाली, "मंग मारूच नको. मी पडणार बी न्हाई."

हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर ठेवून उठले. "हात असा लगेच खाली घेऊ नको," म्हणाले. "वर थांबव. त्याची लाज लोकांना दिसू दे." आणि करून दाखवलं. तोच हात.

काल मी आष्टीला फोन लावला, नाटकाला या म्हटलं. भावजी म्हणाले, "बिलकुल येतो, वहिनी." कशाला, ते विचारलं नाही.

शनिवारी दुपारी ते येतील. दोघं समोरासमोर बसले की मी सांगणार आहे, चहा ठेवायच्या आधी – हाताला काम मिळालं की मी गप्प बसते, हे मला माहीत आहे. टाळी मी वाजवली होती. एवढंच. पुढे कुणी काय बोलायचं, ते त्यांचं त्यांनी बघावं.