नळीवरचं कुंभारणीचं घर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटतो. मी इंजिनांचा माणूस. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं — पेट्रोल नाही, ठिणगी नाही, नाहीतर हवा नाही. चौथं कारण मला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. ज्या दिवशी भेटलं त्या दिवशी एक माणूस गेला... आणि तो माझ्यामुळे गेला की नाही, हेसुद्धा मला सांगता येत नाही.

लढाईच्या काळात मी विमानांच्या कारखान्यात फिटर होतो. नंतर मूल या माझ्या गावी परत येऊन धानाच्या गिरणीतलं इंजिन सांभाळायला लागलो. तिथून मला एका लाकूड ठेकेदाराने नेलं. त्याचं सागवानाचं काम वैनगंगेपलीकडे, आष्टीहून आलापल्लीकडे जाताना लागणाऱ्या जंगलात होतं. तिथून जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, जायचं म्हणजे बैलगाडीने नदी गाठायची, डोंग्यातून पलीकडे उतरायचं, मग ट्रकची वाट बघायची. अख्खा दिवस जायचा. शेठनी लढाईतली दोन मोडकी विमानं लिलावात घेतली आणि मला म्हणाले, "मिस्त्री, दोनाचं एक करा." मी केलं. पंख एकाचे, इंजिन दुसऱ्याचं, आणि टाकी मी स्वतः पत्रा ठोकून बनवलेली. दोघांपुरतं विमान, उडवणारा पुढे आणि दुसरा मागे.

उडवायला नागपूरचा सुधाकर होता. पंचविशीतला, हसतमुख. मला 'भाऊ' म्हणायचा, माझ्या बायकोला 'वहिनी'.

आता त्या टाकीबद्दल थोडं सांगावं लागेल. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड गळत नाही, हे कुठल्याही घरात माहीत असतं. हवा आत जायला दुसरं भोक लागतं. विमानाच्या टाकीलाही हवेसाठी एक नळी असते. माझ्या विमानात ती पंखाखाली, डोक्याच्या उंचीवर बाहेर आलेली होती. करंगळीएवढी जाड. ती बुजली तर पेट्रोल उतरायचं थांबतं आणि इंजिन काही मिनिटांत मरतं.

कार्तिकातली गोष्ट. अनुसया, माझी बायको, दुपारचा डबा घेऊन शेडवर आली. आमची दोन मुलं पोटातच गेली होती. तिला तेव्हा तिसरा महिना लागला होता. ती पंखाखाली थबकली.

"अगं बाई! कुंभारनीनं घर केलं इथी."

कुंभारीण माशीने नळीचं तोंड मातीने लिंपून टाकलं होतं. गुळगुळीत, बोटभर लांब घर. मी पेचकस घेतला तसा तिने माझा हात धरला.

"मोडू नोका जी. कुंभारीन घर करते तिथी पाळना हालते."

"ते घरात केलं तं! हे का घर आहे? विमान आहे हे."

"घर नाई तं काय? दिवसभर तं तुमी इथीच असता. माया सवतीचं घर आहे हे."

मी हसलो. ती हसली नाही.

"दोन गेले," ती म्हणाली. "हा राहू द्या."

ती गेली की काढू, असं मी मनात ठरवलं. तेवढ्यात सुधाकर धावत आला. शेठचं काम निघालं होतं, आत्ताच्या आत्ता चांद्याला जायचं होतं. अनुसया शेडच्या खांबाला धरून माझ्याकडे बघत उभी होती. एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. 'थांबा.' मी म्हणालो, "आज इंजिन जरा जास्त वेळ तापवा." म्हटलं, जमिनीवरच बंद पडेल, मग काढू.

बंद पडलं नाही. सुधाकरने हात हलवला आणि तो झाडांवरून निघून गेला.

तो परत येईपर्यंत माझं काय झालं ते लिहीत नाही. तो उतरला तो हसतच.

"भाऊ, आज इंजिनाले तूप पाजलं का? असं तर कधी चाललंच नाही!"

मी टाकीचं टोपण उघडलं. नळी बुजलेली असली तर टोपण उघडताना हवा 'सू' करून आत ओढली जाते. काही आवाज झाला नाही. काठी बुडवून पाहिली, तर पेट्रोल नेहमीपेक्षा कमी जळलं होतं. नळीचं दुसरं टोक सोडवून मी तोंडाने फुंकलं. गाल दुखेपर्यंत फुंकलं. श्वाससुद्धा पलीकडे गेला नाही. घर घट्ट बंद होतं.

मी नळी परत जोडली. घर मोडलं नाही.

मग तो हिवाळा तसाच गेला. विमान त्या बुजलेल्या नळीनिशी उडत राहिलं, आणि एकदाही खोकलं नाही. पेट्रोलची पिंपं जास्त दिवस पुरायला लागली. शेठ थट्टेने म्हणायचे, "मिस्त्री, हे आता हवेवरच चालून राह्यलं का?" अनुसया रोज सकाळी येऊन ते घर बघून जायची. तिचं पोट दिसायला लागलं होतं. माशी बाहेर पडली की घराला छिद्र पडतं, पण या घराला छिद्र पडलं नाही.

माझं मूल मी सुधाकरच्या जिवावर वाढवत होतो. हे मला कळत नव्हतं असं नाही. रोज कळत होतं, आणि रोज मी पंखा फिरवून इंजिन चालू करून देत होतो.

चैत्रात अनुसयाच्या पोटात दुखायला लागलं. अंगावरून जायला लागलं. सुईण म्हणाली, "माया हातचं नाई हे. चांद्याले न्या." मी बैलगाडी बघायला निघालो, तर सुधाकर माझ्यावर ओरडलाच.

"वहिनीले गाडीत हादरवून मारता का भाऊ? पाऊण तासात नेऊन सोडतो मी. मागची सीट रिकामीच आहे."

मी 'बरं' म्हणालो, शेडमध्ये गेलो, पेचकस घेतला आणि ते घर फोडलं.

यात माझं सगळं पाप आलं. इतके महिने तो एकटा उडत होता तेव्हा माझ्या हाताला ते मोडवलं नाही. माझी बायको बसणार म्हटल्याबरोबर हात क्षणभरही अडला नाही.

आत माशीची अळी नव्हती, अळीसाठी साठवलेले कोळी नव्हते. चैत्रातल्या उन्हात आतली माती ओली होती... आजच कालवल्यासारखी. मी ती खरवडून काढली, नळीतून तार फिरवली, फुंकलं. हवा शीळ घालत आरपार गेली. प्लग पुसले, पेट्रोल गाळून भरलं, इंजिन चालवून पाहिलं. आयुष्यात एवढ्या काळजीने मी कुठलंही इंजिन तपासलं नव्हतं.

अनुसयाला दोघींनी धरून आणलं. ती पंखाखाली आली आणि तिने सवयीने वर बघितलं.

"मोडलं?"

"तुझ्यासाठीच मोडलं," मी हळू म्हणालो. "तू बसणार ना आज."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे भाऊजीसाठी नोयतं मोडलं."

पुढच्या सीटवर पट्टा बांधत सुधाकरने मान वळवली. "काय मोडलं वहिनी?"

"काई नाई, भाऊजी."

विमान उठलं. मोहाच्या झाडांवर गेलं, आणि इंजिन थांबलं. आधी खोकलं असतं, अडखळलं असतं तर मला समजलं असतं. कोणी वरून हात ठेवावा तसं एकदम थांबलं. सुधाकरने विमान वळवलं. जवळच्या एका बोडीतलं, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातलं, पाणी आटलेलं होतं, तिथे तो उतरवायला बघत होता. उतरलंही जवळजवळ. पुढचं तोंड बोडीच्या बांधावर आदळलं.

सुधाकर जागीच गेला. अनुसयाला आम्ही ओढून काढलं. हात मोडला होता. संध्याकाळी तिला मुलगी झाली. पोर रडलीच नाही.

सुधाकरची आई नागपूरहून आली. तिने मला एवढंच विचारलं, "भाऊ, इंजिन तर चांगलं होतं ना?"

मी 'हो' म्हणालो. ते खरंही होतं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी सगळं उघडून पाहिलं. टाकीत पेट्रोल होतं, नळी मोकळी होती, ठिणगी पडत होती. दोष सापडला नाही. ते गेल्यावर मी ते इंजिन शेडमध्ये आणलं, लाकडाच्या घोडीवर बांधलं, नवा पंखा लावला आणि वर एक पेट्रोलचा डबा टांगला. पहिल्याच फिरकीला ते चालू झालं. मी समोर बसून राहिलो. ते बंद पडावं म्हणून मी वाट बघत होतो. नाही पडलं. शेवटी मी बाहेरून ओली माती आणली आणि डब्याचं हवेचं भोक बुजवलं. थोड्या वेळात इंजिन खोकलं, दोनदा हिसकलं आणि थांबलं. शास्त्रात लिहिलंय अगदी तसं.

आवाज थांबल्यावर मागे वळलो, तर मोडका हात गळ्यात बांधलेली अनुसया दारात उभी. कधी आली होती कोण जाणे. तिने माझ्या मातीने भरलेल्या हाताकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"बुजवलं का बंद पडते?"

"हो."

"मंग तवा काऊन चालत होतं जी?"

ते इंजिन मी पुन्हा चालू केलं नाही. नोकरी सोडून मूल गावी आलो, परत गिरणीत लागलो. आम्हाला नंतर मूल झालं नाही. बुजलेली नळी घेऊन ते महिनोन् महिने का उडालं आणि मोकळी केल्यावर का पडलं, हे मला माहीत नाही. माझ्या कोणत्या चुकीने सुधाकर गेला — घर ठेवलं त्या, की मोडलं त्या — हेही नाही. कोणी जाणता असेल तर त्याने सांगावं. पण मला नव्हे... तिला सांगावं. तिने मला विचारलं होतं, आणि ती अजून थांबली आहे.

पावसाळा सरला की कुंभारीण येते. आमच्या खिडकीच्या गजाशी घोटाळते. आम्ही तिला हाकलत नाही. दोघंही तिच्याकडे बघत नाही, आणि एकमेकांकडेही नाही.