वाट दे रं, पावण्या

हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हसलेच असते. बीएस्सी ॲग्री झालेय. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. अंगात येणं, दृष्ट लागणं... असलं काही मी घरात चालूच देत नव्हते.

गाव आंबेगाव तालुक्यातलं निरगुडसर. वडील मी लहान असतानाच वारले. आई आणि काकी — माझी चुलती — दोघी लोकांच्या रानात टोमॅटो तोडायला जायच्या आणि येताना उसाच्या बांधावरून जनावरांना गवत आणायच्या. माझ्या कॉलेजसाठी काकीने स्वतःची गाय विकली, वर मलाच म्हणाली, "तू शिक. गाय काय मला पेन्शन देणार व्हती?"

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो उसातच राहतो. वाकलेल्या माणसाला तो जनावर समजतो, उभ्या माणसाला सहसा बिचकतो. म्हणून आई उसाशी पोचली की ताठ उभी राहून मोठ्याने म्हणायची, "वाट दे रं, पावण्या. लेकराची भाकरी हाय डोक्यावर."

काकी मागून खिदळायची. "बाई, नुसती वाट काय मागताय? च्या बी इचारा की त्याला!"

मला आयुष्यात एकच करायचं होतं — आईला त्या रानातून बाहेर काढायचं. नारायणगावजवळ एका रोपवाटिकेत नोकरी लागली, तरी ती ऐकेना. "काकी एकटी जाईल का गवताला?" म्हणायची. मग कंपनीने मला ट्रेनिंगला नेदरलँड्सला पाठवलं. ठरवलं, परत गेल्यावर फ्लॅट घ्यायचा आणि दोघींनाही उचलून आणायचं.

तिथे मी राहत्या जागेपासून ग्रीनहाऊसपर्यंत सायकलने जायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, माणसाच्या वर गेलेला. त्या सकाळी स्वच्छ ऊन होतं. वळण घेतलं आणि — रस्त्यात वाघ. आडवा उभा. ठिपके, वर वळलेलं शेपूट... आणि तो उग्र दर्प, जो आमच्या बांधावर मी कितीदा घेतलाय.

उतरले, आणि सायकल हातातून पडली. वाकून उचलायची नाही, एवढंच डोक्यात. ताठ उभी राहिले आणि तोंडातून आपोआप निघालं, आईच्याच सुरात — "वाट दे रं, पावण्या..."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश डाव्या हाताच्या मक्यात शिरला. पानंसुद्धा हलली नाहीत.

कामावर सांगितलं तर सुपरवायझर म्हणाला, लांडगा असेल, हल्ली दिसतात. राव, आंबेगावच्या माणसाला हा वाघ आणि लांडगा ओळखायला शिकवणार!

तेवढ्यात आईचा फोन आला. मागे रडारड ऐकू येत होती.

"तू आत्ता बोललीस का गं?"

"कुणाशी? आई, काय झालंय?"

"वाघ पुढ्यात आला. माझी वाचाच बसली, शब्द फुटंना. आन् मागून तुझा आवाज आला... वाट दे रं म्हणून. मी म्हणलं, ही कवा आली? दिली गं त्यानं वाट. डाव्या अंगाला वळला."

मला हायसं वाटलं. खरं सांगते, क्षणभर फक्त हायसंच वाटलं.

"मग रडतंय कोण?"

"काकी डाव्या अंगालाच व्हती. गवत कापीत... वाकलेली."

मी गावी पोचले तोवर काकीचं सगळं उरकलं होतं. आईने आवाजाचं सगळ्यांना सांगितलं होतं. काका ओट्यावर बसले होते. रागाने नाही, अगदी हळू म्हणाले, "पोरी, उजवीकडं जा म्हणायचं व्हतं गं."

 ताण, भास, दमलेलं डोकं — सगळं स्वतःला सांगून पाहिलंय. पण भास असेल तर मायलेकींना एकाच वेळी, इतक्या लांब, आणि दोघींनाही तो डावीकडेच वळलेला? आणि भास नसेल तर... पुढचा विचार मला करवत नाही.

नारायणगावशेजारी वारूळवाडीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्यातली एक खोली मनात आधीपासून काकीसाठी धरली होती. आई आता रानात जात नाही. मला हेच करायचं होतं. ते झालं.