नवरा धा

“धा नवरे! अहो, या वयात माझ्या आईला धा नवरे करून देताय?”

हा आवाज माझा. तो बडोद्याच्या पार दुसऱ्या टोकाला, छाणीपर्यंत ऐकू गेला असणार, कारण वाटेतल्या खंडेराव मार्केटात भाजीवाल्यांनी घाबरून भाव उतरवले असं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी सभेच्या मांडवात खुर्चीवर चढलो होतो. समोर नवदीप सोसायटीचे सेक्रेटरी ताजी रंगवलेली पाटी छातीशी धरून उभे होते. लिहायचं होतं ‘नवराधा’. पेंटरने मध्ये बोटभर जागा सोडली होती आणि पाटीवर चक्क ‘नवरा धा’ झालं होतं.

प्रतापनगरात आमची राधा सोसायटी आणि त्यांची नवदीप पाठीला पाठ लावून उभ्या. आमची रेल्वे वर्कशॉपातल्या मराठी माणसांनी बांधलेली, त्यांची गुजराती व्यापाऱ्यांची, मध्ये एक भिंत. पाण्यावरून, गरब्याच्या लाउडस्पीकरवरून, आमचा शेवगा त्यांच्या अंगणात शेंगा टाकतो यावरून त्या भिंतीवर एवढी भांडणं झाली की तिच्या विटासुद्धा दोन्ही भाषांत शिव्या द्यायला शिकल्या. आता दोन्ही सोसायट्या पाडून एकच उंच इमारत होणार होती. लिफ्ट एक, टाकी एक, गेट एक. सगळ्यावर सह्या झाल्या आणि गेटवरच्या नावावर घोडं अडलं.

“नवदीपनुं नव, ने तमारी राधा,” सेक्रेटरी म्हणाले. “बन्नेनुं मान! आमां वांधो शुं छे?”

दोघांचा मान राखला, मग वांधा काय? आमच्या बाजूच्या खुर्च्या हसून हसून उलटायच्या बेतात होत्या, हा वांधा. तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या एक म्हाताऱ्या बा चष्मा लावून पुढे आल्या, पाटी वाचली आणि त्यांच्याच सेक्रेटरीवर कडाडल्या, “नवरा? एटले अमे बधा नवरा बेठा छीए?” गुजरातीत नवरा म्हणजे रिकामटेकडा. एका पाटीत दोन्ही सोसायट्यांचा अपमान, तोही ज्याच्या त्याच्या मातृभाषेत. असं काम फक्त बडोद्यातच होतं.

मी मात्र हसत नव्हतो. निघताना आईने दारापर्यंत येऊन विचारलं होतं, “नाव राहील ना रे?” एवढंच. आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांना वाटायचं की गेटवरची राधा कृष्णाची. ती राधा आमच्या घरची होती. ते आईचं माहेरचं नाव. लग्नात ताटभर तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, आजोबांनी सांगितलं तेच, आणि राधा त्या मांडवात संपली. पुढे सोसायटी झाली तेव्हा नाव सुचवा म्हटल्यावर वडिलांनी राधा म्हटलं. देवाचं नाव म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घराबाहेर यातलं काही कोणाला ठाऊक नव्हतं. मलासुद्धा आईने वडील गेल्यावर एकदाच सांगितलं.

“बसा हो खाली!” आता आमचेच चेअरमन माझा सदरा ओढायला लागले. “नावाचं काय घेऊन बसलात? ठेवू काहीतरी गंगा-यमुना. लग्नात बायकांची नाही का आपण बदलत? कोणी मेलंय का त्याने?”

तिथे माझं डोकं फिरलं. ते इतकं फिरलं की मांडवाचे पंखे बंद करायला हरकत नव्हती.

“मेलंय!” मी ओरडलो. “माझी आई राधा होती! तुम्ही लोकांनी तांदळात पुसली तिला! माझ्या बापाने तेवढी एक गेटवर परत आणली, आणि तुम्ही ती पण खाता? आधी नवरा जोडता, मग गंगा-यमुना करता? लाज वाटते का?”

आणि मग मी काही शिल्लक ठेवलं नाही. ताट, अंगठी, आजोबा, वडील, सगळं मराठीत सांगितलं, मग नवदीपवाल्यांसाठी गुजरातीत, मग पेंटरला कळावं म्हणून हिंदीत. चेअरमन जमिनीकडे बघत होते. बांनी मात्र तोंडावर हात नेला. “हाय हाय, लग्नमां नाम ज बदली नाखो छो? माणसनुं?” त्यांच्या बाजूला अशी चाल नव्हती. त्या सेक्रेटरींकडे वळल्या. “एकली राधा राखो. बीजुं कशुं नहीं.”

हात वर झाले. त्यांचे आधी, आमचे मागून, लाजत. चेअरमनचा हात मीच धरून वर केला. सेक्रेटरींनी पाटी उलटी करून भिंतीला टेकवली.

घरी मी विमानाने आल्यासारखा आलो. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला सगळं करून दाखवलं. बांचा आवाज, चेअरमनचा चेहरा, माझं भाषण, शब्द न शब्द. मांडवात रडली नाही अशी एक खुर्ची नव्हती म्हणालो. राधा राहिली म्हणालो, आता कोण हात लावतो बघू.

तिने हातातली शेंग पूर्ण सोलली.

“ते आमच्या दोघांतलं होतं,” ती म्हणाली.