पूजेला बसलेत

आमच्या ह्यांच्यासारखा देवभोळा माणूस जबलपुरात सापडणार नाही, असं ज्यांचं मत होतं ते सगळे कारखान्यात होते. घरची गोष्ट वेगळी. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि गणपतीचे दिवस सोडले तर ह्यांनी देवाला फूल वाहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तो सगळा घोटाळा मी केला. त्याचा मला पश्चात्ताप आहे, पण लाज मात्र अजिबात नाही.

पासष्टचं साल. एप्रिलात सरहद्दीवर चकमकी सुरू झाल्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या. हे टूलरूममध्ये फिटर. पत्रा दाबून घडवणाऱ्या प्रेसचा लोखंडी साचा झिजला की तो काढायचा, घासायचा आणि केसभर फरक न ठेवता परत बसवायचा, हे त्यांचं काम. ते त्यांच्याइतकं नेटकं दुसऱ्या कुणाला जमत नाही हे साहेबांच्या लक्षात आलं, तेच वाईट झालं. कारखान्याचं क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून आम्ही चेरीतालला दोन खोल्यांत राहत होतो. मला वाटायचं, बरंच आहे, इतक्या लांब कोण बोलवायला येतंय. पण ज्याला सायकलवर पाठवायचं त्याला लांब-जवळ कोण विचारतो. हे रात्रपाळी करून सकाळी सातला यायचे, दोन घास खाऊन आडवे व्हायचे, आणि नऊच्या सुमारास दाराची कडी वाजायची. बाहेर कारखान्याचा चपराशी. "साहब ने याद किया है. प्रेस बंद पड़ी है." हे उठायचे, डोळ्यांवर पाणी मारायचे आणि सायकल काढायचे. संध्याकाळी पुन्हा पाळी होतीच.

"काहून जाता?" मी एकदा अडवलं. "झोपून होतो म्हणून सांगा ना."

"लढाई चालून राहिली," हे म्हणाले. "लोक तिकडे बॉर्डरवर आहेत अन् मी सांगू, झोपलो होतो?"

लढाई आपली आहे हे मलाही कळत होतं. पण मला राग लढाईचा नव्हताच. कामाची वेळ संपली तरी माणूस कारखान्याचाच, आणि घरी तो नुसता ठेवायला दिलेला, असा जो सगळ्यांचा समज होता, त्याचा मला संताप यायचा. त्यातून ह्यांचाही तोच समज होता, म्हणजे भांडायचं तरी कुणाशी.

त्याच महिन्यात आमच्या मागच्या घरातले भाऊजी प्रेसवर सलग सोळा तास उभे राहिले, क्षणभर पेंगले, आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यांची बायको त्यांना वरणभात कालवून भरवायची ते मला आमच्या अंगणातून दिसे. मी ते चार-पाच दिवस पाहिलं आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली. काही झालं तरी आमच्या ह्यांना दिवसा चार तास सलग झोप मिळाली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "पूजा में बैठे हैं."

चपराशी पनागरकडचा, पन्नाशीचा, कपाळाला गंध लावणारा. त्यानं चटकन चपला काढल्या, हात जोडले आणि ओट्यावर बसला. "अच्छा, अच्छा. होने दीजिए." हे अकराला आपोआप उठेपर्यंत दोन तास बसून राहिला. मी थक्क झाले. झोपलेल्या माणसाला गदागदा हलवून उठवायला कुणाला काही वाटत नाही, पण पूजेवरून उठवणं म्हणजे पाप.

मग आमचं रोजचं सुरू झालं. देवघर म्हणजे स्वयंपाकघराचा एक कोपरा. तिथे मी पडदा टांगला, देवासमोर सतरंजी टाकली, हे सोवळं नेसून तिथेच झोपायला लागले. कडी वाजली की उदबत्ती पेटवायची आणि दर दोन-चार मिनिटांनी घंटी वाजवायची. एका हातात लाटणं, एका हातात घंटी. किती पोळ्या करपल्या त्याला गणती नाही. पहिल्या दिवशी हे घंटीनं दचकून उठले. आठवड्याभरात घंटी वाजली तरी उठेनात. महिन्याभरानं असं झालं की घंटी थांबली की कूस बदलायचे आणि वाजली की पुन्हा घोरायला लागायचे. ह्यांची झोप झाली, पण माझी सकाळ गेली. म्हणजे कारखान्यानं एकाच्या पगारात दोघांना कामाला लावलं होतं, आणि मला तर सुट्टीसुद्धा नव्हती.

एक दिवस प्रसादाचे शेंगदाणे-गूळ देताना चपराशी खाली मान घालून म्हणाला, "बाई साब, घंटी ज़रा धीरे बजाइए. मेरी भी आँख लगती है तो टूट जाती है."

मी वाटी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"खर्राटे बाहर तक आते हैं," तो म्हणाला. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तोही पहाटे चारपासून सायकलवर असायचा. आमच्या ओट्यावर भिंतीला टेकून जे दोन तास मिळत तेवढीच त्याची विश्रांती. घाबरू नका, म्हणाला, मी तिकडे असं काही सांगून ठेवलंय की कुणी शंका घेणार नाही.

त्यानं काय सांगून ठेवलं होतं ते सप्टेंबरात कळलं. विश्वकर्मा पूजेला नवी प्रेस चालू करायची होती, आणि पूजा कुणी करायची यावर साहेबांनी लगेच ह्यांचं नाव घेतलं. रोज दोन-दोन तास पूजा करणारा माणूस घरातच असताना बाहेरचा पंडित कशाला? पंधरा दिवसांनी मिळालेली ह्यांची पहिली सुट्टी नेमकी त्या दिवशी होती. ती गेली. ह्यांना तर आचमन किती वेळा करतात तेही ठाऊक नव्हतं. माझे वडील भिक्षुकी करायचे, त्यामुळे मला सगळं पाठ. तेव्हा आधीचे तीन दिवस, ज्या चार तासांसाठी मी इतकं खोटं बोलले त्याच चार तासांत, मी ह्यांना समोर बसवून पूजा शिकवली. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी म्हणत होते, "पुन्हा म्हणा." स्वतःचीच चीड येत होती, ती मी ह्यांच्यावर काढली.

एरवी त्या दिवशी घरची माणसं कारखाना पाहायला जात. लढाईमुळे त्या वर्षी बंदी होती, पण पूजेला जोडीनं बसायचं म्हणून मला आत सोडलं. नव्या प्रेसला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. समोर पाट, समई, आजूबाजूला हात जोडून उभे असलेले शे-दीडशे लोक आणि पुढे साहेब. मी रीतीप्रमाणे ह्यांच्या हाताला हात लावून बसले होते. संकल्प नीट झाला. फुलं वाहिली. मग ध्यानाला ह्यांनी डोळे मिटले, आणि माझ्या बोटांखालचा हात हळूहळू जड होत गेला.

हे झोपले होते. मांडी घातलेली, पाठ ताठ, तोंडावर छान शांत भाव. लोकांना ते ध्यान वाटलं. साहेबांनी मागे वळून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. रात्रंदिवस धडधडणारी ती शेड शांत झाली. चपराशाला मात्र कळलं. त्यानं ह्यांना जागं करावं म्हणून पुढे होऊन घंटी हातात घेतली आणि वाजवायला लागला. बिचाऱ्याला घरातली गंमत कुठे ठाऊक? घंटी ऐकताच ह्यांनी एक लांब श्वास सोडला आणि आणखी गाढ झोपले.

मी ह्यांना चिमटा काढू शकले असते. माझा हात तिथेच होता. पण मला वाटलं, शंभर माणसं गप्प उभी आहेत, साहेबसुद्धा वाट पाहून राहिलाय, कुणी हाक मारत नाही. झोपू दे की दोन मिनिटं. मी हात तसाच ठेवला. मग ह्यांचा तोल पुढे गेला. समई उलटली, आणि सावरायला टेकलेला उजवा हात जळत्या तेलात पडला.

प्रेसपासून जी बोटं मी वाचवत होते ती समईनं भाजली. कारखान्याच्या डॉक्टरनं पट्टी बांधली आणि आठ दिवस रजा लिहून दिली. लग्नानंतरची ही ह्यांची सर्वांत मोठी रजा. दोन दिवस हे पलंगावर पडून राहिले, पण झोप नाही. हात ठणकत होता. तिसऱ्या सकाळी मी पुन्हा देवासमोर सतरंजी घातली, तिथे कुठे डोळा लागला.

नऊला कडी वाजली.

चपराशी माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहब बोले हैं, हाथ से कुछ नहीं करना है. बस खड़े होकर बता दें."

मी उदबत्ती पेटवली नव्हती. पेटवायची इच्छाही नव्हती. मी दारात उभी राहून, जे मला एप्रिलपासून सांगायचं होतं, ते सांगितलं. "सो रहे हैं. जाके बोल दो, सो रहे हैं."

त्यानं मान हलवली. "ये वहाँ नहीं चलेगा, बाई साब. पूजा ही बोल दूँगा."

त्यानं चपला काढल्या आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसला. आत घर बराच वेळ शांत होतं, आणि त्या शांततेत ह्यांची चुळबुळ सुरू झाली होती. मी पडद्याआड गेले आणि घंटी वाजवायला लागले, हळूहळू, दोघांनाही झोप लागेल अशी.